धावपट्टीचे भाडे : अझोर्स, लिस्बन आणि गोवा

हवाई दलाचे सामर्थ्य सामान्यतः विमानांची संख्या, त्यांचा वेग आणि पल्ला यांवरून मोजले जाते. परंतु स्वदेशाच्या सीमेबाहेर पाठवलेल्या हवाई दलाला या तिन्हींच्या आधी एक कागद लागतो आणि तो परराष्ट्र खात्यात तयार होतो. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराच्या तिसऱ्या कलमाने लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतील विमानांना नागरी विमानांपासून वेगळे काढले आणि अशा विमानांना दुसऱ्या राष्ट्राच्या परवानगीवाचून त्याच्या प्रदेशावरून उडता किंवा तेथे उतरता येणार नाही, असे ठरवून दिले. १९१९ च्या पॅरिस करारातही लष्करी विमानांपुरते हेच तत्त्व होते. आकाशातून केवळ पुढे जाण्याची परवानगी, उतरून इंधन भरण्याची सोय आणि माणसे, कोठारे व दुरुस्तीशाळा यांसह मुक्काम करण्याचा ‘तळाचा हक्क’ अशा चढत्या पायऱ्यांनी ही परवानगी मागितली जाते. शेवटच्या पायरीवर परक्या सैनिकाचा गुन्हा कोणत्या न्यायालयात चालवायचा आणि त्याच्या मालावर जकात घ्यायची की नाही, इथपर्यंतचे तपशील ठरवावे लागतात. वरवर पाहता हा भाडेकरारच असतो. मात्र त्यातील भाडे रोख रकमेत क्वचितच ठरते, आणि पुष्कळदा ते धावपट्टीपासून हजारो कोसांवरच्या लोकांकडून वसूल होते. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवरचा लाजेश हा तळ याचे ठळक उदाहरण आहे, आणि मराठी वाचकाला त्याची विशेष दखल घ्यावी लागते ती त्या भाड्याचा एक हप्ता गोव्याच्या खात्यावर लिहिला गेला म्हणून.

अझोर्स हा नऊ बेटांचा पोर्तुगीज द्वीपसमूह लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटर अंतरावर आहे, आणि त्यातील तेर्सेइरा म्हणजे ‘तिसरे’ या नावाच्या बेटावर लाजेशची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात या बेटांना जे मोल आले ते भूगोलामुळे. उत्तर अमेरिका, आइसलंड आणि ब्रिटन येथील विमानतळांवरून उडणाऱ्या गस्ती विमानांचा पल्ला महासागराच्या मधल्या पट्ट्यापर्यंत पुरत नव्हता. या पट्ट्यात जर्मन पाणबुड्यांना दिवसाउजेडी पृष्ठभागावर येऊन व्यापारी ताफ्यांचा पाठलाग करता येई. हे छत्रहीन पाणी झाकायचे तर अझोर्सवर विमाने ठेवणे भाग होते; पण बेटे पोर्तुगालची, पोर्तुगाल तटस्थ, आणि त्याचे हुकूमशहा पंतप्रधान आंतोनियु सालाझार जर्मनीला टंगस्टनचे खनिज विकत असतानाच ब्रिटनशी मैत्रीही राखून होते. बेटे बळाने घ्यावीत, असा विचार लंडन आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे झाला होता आणि त्याच्या योजनाही कागदावर उतरल्या होत्या. मे १९४३ मध्ये वॉशिंग्टन येथे चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्या बैठकीत हा पर्याय पुन्हा पुढे आला, तेव्हा लंडनमध्ये मागे राहिलेले परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन आणि उपपंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी त्याला विरोध केला आणि आधी मागून पाहावे, असा आग्रह धरला.

मागण्यासाठी जो आधार शोधला गेला तो सुमारे पावणेसहाशे वर्षांपूर्वीचा होता. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड आणि पोर्तुगालचा राजा फर्नांदो यांच्यात १३७३ मध्ये मैत्रीचा तह झाला होता, १३८६ च्या विंडसरच्या तहाने तो दृढ झाला होता, आणि पुढच्या शतकांत त्याची अनेकदा उजळणी झाली होती. या उजळण्यांपैकी एक महाराष्ट्राच्या इतिहासात खोल रुतलेली आहे. दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझाची कॅथरिन यांच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाकडे आले हे सर्वश्रुत आहे. पण पूर्वेकडील पोर्तुगीज मुलखाचे डचांपासून रक्षण करता यावे, हाही त्या देण्यामागचा हेतू होता आणि इंग्लंडने तसे बंधन स्वीकारले होते, हे सहसा सांगितले जात नाही. परक्याला आपल्या किनाऱ्यावर जागा देऊन त्या बदल्यात दूरच्या वसाहतींची हमी घ्यायची, ही पोर्तुगीज रीत त्या अर्थाने मुंबईइतकीच जुनी आहे, आणि सालाझार यांनी १९४३ मध्ये तिचाच अवलंब केला.

जून १९४३ मध्ये ब्रिटिश राजदूत सर रोनाल्ड कॅम्बेल यांनी जुन्या मैत्रीचा हवाला देऊन मागणी मांडली. सालाझार यांनी ती तत्त्वतः मान्य केली खरी, पण पुढे जवळपास दोन महिने ते बारीकसारीक अटींवर घासाघीस करत राहिले. स्पेनमार्गे जर्मनांचा हल्ला झाल्यास काय, लिस्बनवर बॉम्ब पडल्यास विमानवेधी तोफा कोण देणार आणि विमानांचा पुरवठा किती, हे त्यांचे प्रश्न अवास्तव नव्हते. १७ ऑगस्ट रोजी करार झाला, ८ ऑक्टोबर रोजी ब्रिटिश तुकड्या तेर्सेइराच्या अंग्रा बंदरात उतरल्या, आणि लाजेशच्या मातीच्या पट्टीवर छिद्रांकित पोलादी पत्रे अंथरून गस्ती विमानांसाठी धावपट्टी तयार करण्यात आली. १२ ऑक्टोबरला चर्चिल यांनी संसदेत ही बातमी सांगताना सुरुवातच १३७३ च्या तहापासून केली, तेव्हा सभागृहाला त्याची गंमत वाटली. त्या गमतीमागची सोय मात्र सालाझार यांची होती, कारण जुन्या मित्राशी असलेले वचन पाळले असे म्हणता आले की तटस्थता मोडल्याचा आरोप बोथट होतो.

अमेरिकेजवळ असा जुना कागद नव्हता, आणि तिची मागणी ब्रिटनहून कितीतरी मोठी होती. लिस्बन येथील अमेरिकी प्रतिनिधी जुलै १९४३ मध्ये मरण पावल्यामुळे तेथील वकिलातीचा भार जॉर्ज केनन या एकोणचाळीस वर्षांच्या अधिकाऱ्यावर आला होता. युद्धोत्तर काळात सोव्हिएत विस्ताराला आवर घालण्याच्या धोरणाचा प्रवर्तक म्हणून जगाला ठाऊक झालेले केनन हेच. पोर्तुगालला सर्वाधिक चिंता आपल्या वसाहतींची आहे, कारण तिमोर जपान्यांच्या ताब्यात गेले आहे आणि युद्ध संपल्यावर बाकीचेही हातचे जाईल अशी तिला धास्ती आहे, हे केनन यांनी अचूक ओळखले होते. परंतु वॉशिंग्टनहून येणारे आदेश एकमेकांना छेद देणारे होते: आधी वसाहतींबाबत हमी द्यावी असे कळवण्यात आले, मग ती थांबवावी असे, आणि त्यानंतर लष्करी खात्याने आखलेल्या सुविधांची अशी लांबलचक यादी धाडण्यात आली की ती जशीच्या तशी मांडल्यास सालाझार दार लावून घेतील, असे केनन यांना वाटले. त्यांनी ती मांडण्यास नकार दिला, त्यांना वॉशिंग्टनला बोलावण्यात आले, आणि सेनाप्रमुखांसमोर दाद न मिळाल्यावर ते ॲडमिरल लीही आणि हॅरी हॉपकिन्स यांच्यामार्फत थेट रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले. पहिल्या महायुद्धात अझोर्सवर अमेरिकी आरमाराचे तळ होते आणि युद्ध संपताच ते परत करण्यात आले होते. त्या वेळी नौदल खात्यात असलेल्या रूझवेल्ट यांना हे स्वतः ठाऊक होते, आणि त्याची आठवण देणारे व्यक्तिगत पत्र त्यांनी सालाझार यांच्यासाठी केनन यांच्या हाती दिले. धावपट्ट्यांच्या इतिहासात सेनापतींपेक्षा एका कनिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्याचा हट्ट निर्णायक ठरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

या व्यवहारातील सर्वांत टिकाऊ दस्तऐवज म्हणजे २६ ऑक्टोबर १९४३ चे अमेरिकी पत्र. पोर्तुगालच्या सर्व वसाहतींमधील पोर्तुगीज सार्वभौमत्वाचा अमेरिका आदर करील, असे वचन त्यात होते. ‘सर्व’ या एका शब्दाने तिमोर, अंगोला आणि मोझांबिक यांच्याबरोबर गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीही त्या वचनात आले. तेथील एकाही रहिवाशाला त्याची वार्ता नव्हती. पुढे २८ नोव्हेंबर १९४४ रोजी सांता मारिया या दुसऱ्या बेटावर अमेरिकी विमानतळ बांधण्याचा करार झाला, तेव्हा तिमोरच्या मुक्ततेच्या मोहिमेत पोर्तुगालला सहभागी करून घेण्याचे अमेरिकेने मान्य केले. म्हणजे याही वेळी अटलांटिकमधील जमिनीची किंमत आशियात ठरली.

युद्धानंतर सांता मारिया पोर्तुगालच्या स्वाधीन झाले आणि अमेरिकी वाहतूक लाजेशला आली. १९४६ आणि १९४८ चे तात्पुरते करार, १९४९ मध्ये उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या म्हणजे ‘नाटो’च्या संस्थापक सदस्यांत हुकूमशाही पोर्तुगालला मिळालेले स्थान, ६ सप्टेंबर १९५१ चा संरक्षण करार आणि ३१ डिसेंबर १९६२ पर्यंत मुदत वाढवून देणारा १९५७ चा करार ही त्यानंतरची मालिका विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. नाटो कराराच्या सहाव्या कलमाने सामूहिक संरक्षणाचे क्षेत्र युरोप आणि उत्तर अटलांटिकपुरते आखल्यामुळे गोवा त्या छत्राखाली येत नव्हता, त्यामुळे पोर्तुगालला गोव्यासाठी जे काही मिळवायचे होते ते लाजेशच्या वाटाघाटीतूनच मिळवणे भाग होते. आणि या वाटाघाटी दर पाच-सहा वर्षांनी नव्याने होत असल्याने सालाझार यांच्या हाती दबावाचे साधन सतत राहिले. कायमचा पट्टा लिहून दिला असता तर ते एकदाच वापरता आले असते.

गोव्याच्या प्रश्नाने पेट घेतला तो याच कालखंडात. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरू लागल्या. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक जण ठार झाले. त्यानंतर चार महिनेही उलटले नव्हते तोच, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलु कुन्या यांच्या संयुक्त निवेदनात गोव्यासारख्या प्रदेशांचा उल्लेख पोर्तुगीज ‘प्रांत’ असा आला, आणि पत्रकारांनी छेडले असता डलेस यांनी तो मागे घेतला नाही. ‘वसाहत’ याऐवजी ‘प्रांत’ हा शब्द सालाझार यांनी १९५१ च्या घटनादुरुस्तीने मुद्दाम रूढ केला होता, कारण प्रांत हा देशाचाच अवयव ठरतो आणि त्याच्या मुक्तीचा प्रश्न उद्भवत नाही. बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह त्याच सुमारास भारतात फिरत असून गोव्यातील वसाहतवादाचा निषेध करीत होते, याचीही चीड डलेस यांच्या शब्दांत होती; तरीही लाजेशच्या मुदतवाढीचा काळ तोंडावर असताना लिस्बनला दुखवायचे नाही, हा हिशेब त्यामागे नव्हता असे मानणे कठीण आहे.

त्याच महिन्यात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे भारतीय प्रदेशातून सैन्य नेण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यासाठी पुरावा म्हणून जो दस्तऐवज पुढे करण्यात आला तो १७७९ चा मराठ्यांशी झालेला पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या सनदा हा होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असे म्हटले की मराठ्यांनी पोर्तुगीजांना महसुलाचे उत्पन्न तोडून दिले होते, सार्वभौमत्व नव्हे; पुढे ब्रिटिश अमदानीत त्या मुलखावरील पोर्तुगीज सत्ता मान्य झाली आणि खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा प्रघात पडला, तरी सशस्त्र दले, पोलीस आणि दारूगोळा यांना असा हक्क नाही. हा शेवटचा भाग आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. इंग्लंडच्या राजाशी झालेल्या तहाने अटलांटिकमध्ये परक्या विमानांना दार उघडून दिले होते, पण पुण्याच्या पेशवाईतील तहाने पोर्तुगीज शिपायाला दमणच्या वेशीबाहेरची वाट मिळवून दिली नाही. लष्करी वाहतुकीला प्रत्येक वेळी नव्याने संमती लागते, ही शिकागो करारातील अट हेगच्या न्यायालयाने जमिनीवरच्या वाटेलाही लागू केली, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरणार नाही.

या अटीचा तडाखा पोर्तुगालला बसला तो डिसेंबर १९६१ मध्ये. लिस्बनहून गोव्याकडे कुमक धाडायची तर वाटेत इंधनासाठी परक्या विमानतळांवर उतरणे आवश्यक होते, आणि पोर्तुगालने ब्रिटनकडे तशी सोय मागितली. कॉमनवेल्थचा सदस्य असलेल्या भारताविरुद्ध आपण लढू शकत नाही, ही ब्रिटनची भूमिका तेव्हा जुनी झालेली होती. विमानतळांच्या मागणीवरही वेळेत होकार आला नाही. ३ जानेवारी १९६२ च्या ज्या भाषणात सालाझार यांनी ही तक्रार जाहीरपणे केली ते त्यांचा आवाज बसल्यामुळे राष्ट्रीय सभेत दुसऱ्याने वाचून दाखवले. ज्या मैत्रीच्या नावाने १९४३ मध्ये लाजेश मागण्यात आले होते, तीच मैत्री उलट दिशेने वापरू पाहता निरुपयोगी ठरली, हे त्यांचे दुखणे होते, आणि हुकूमशहाचे असले तरी ते खोटे नव्हते.

भारतीय हवाई दलाला असा कोणाचाही कागद लागला नाही. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याहून निघालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. सारा पल्ला देशाच्या आत होता. दाबोळीवर उभी असलेली दोन नागरी विमाने बचावली आणि रात्रीच्या अंधारात, उखडलेल्या पट्टीच्या शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून उडून ती कराचीला पोहोचली. गोव्याची नाकेबंदी सुरू असताना कराचीने दिलेली उतरण्याची सोय हाच त्या काळात दाबोळीचा बाहेरच्या जगाशी असलेला मुख्य दुवा होता.

त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. लढाई थांबवून भारतीय सैन्याने माघार घ्यावी असे सांगणारा, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडलेला ठराव सात विरुद्ध चार मते मिळूनही सोव्हिएत नकाराधिकारामुळे बारगळला. या भूमिकेचे सारे श्रेय किंवा दोष लाजेशला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण बळाच्या वापराला विरोध आणि नेहरूंच्या उपदेशाविषयीचा वैताग या दोन्ही गोष्टी वॉशिंग्टनमध्ये खऱ्या होत्या. मात्र वर्षाच्या सुरुवातीला, मार्च १९६१ मध्ये, अंगोलाच्या प्रश्नावर हेच केनेडी सरकार पोर्तुगालविरुद्ध मत देऊन बसले होते, सालाझार त्याने कमालीचे संतापले होते, आणि लाजेशची मुदत संपायला जेमतेम वर्ष उरले होते. दिल्लीतील अमेरिकी राजदूत जॉन केनेथ गालब्रेथ नेहरूंना कारवाई लांबणीवर टाकण्यास विनवत होते. पण लिस्बनवर तितकाच दबाव आणण्याची वॉशिंग्टनची तयारी नसल्याने त्यांच्या विनवणीत वजन उरले नव्हते.

मुदत संपली तेव्हा सालाझार यांनी जे केले ते त्यांच्या राजनैतिक कौशल्याचे शिखर मानावे लागेल. त्यांनी करार वाढवला नाही आणि अमेरिकेला निघून जाण्यासही सांगितले नाही. वाटाघाटी सुरू आहेत या सबबीखाली विमाने उतरत राहिली, आणि उद्या काय होईल हे ठाऊक नसलेल्या अमेरिकेचा संयुक्त राष्ट्रांतील आफ्रिकेविषयीचा सूर हळूहळू मवाळ होत गेला. सालाझार यांच्यानंतर आलेल्या मार्सेलु कायतानु यांनी हा अधांतरी व्यवहार संपवून ९ डिसेंबर १९७१ रोजी नवा करार केला. त्यात धान्य, कर्जे आणि शिक्षणासाठी मदत होती, पण मोठा भाग कर्जांचाच होता. त्यानंतर चारच दिवसांनी, १३ आणि १४ डिसेंबरला, निक्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू यांची भेट तेर्सेइरावरच झाली. तिकडे भारतीय सैन्य ढाक्याच्या वेशीवर पोहोचले होते, आणि मॉस्कोने भारताला आवरले नाही तर अमेरिका-सोव्हिएत संबंधांचा फेरविचार होईल, हा किसिंजर यांचा गाजलेला इशारा याच बेटावरून परतणाऱ्या विमानात पत्रकारांना ऐकायला मिळाला.

लाजेशची खरी कसोटी ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात लागली. इस्रायलला शस्त्रे पोहोचवण्यासाठी निघालेल्या अमेरिकी मालवाहू विमानांना आपल्या भूमीवर उतरू देण्यास पश्चिम युरोपातील मित्रराष्ट्रे तयार नव्हती. पोर्तुगालही कां-कूं करीत होता, कारण आफ्रिकेतील युद्धासाठी अमेरिकी शस्त्रे मिळावीत ही त्याची अपेक्षा होती. निक्सन यांच्या कडक पत्रानंतर मात्र कायतानु यांनी बिनशर्त होकार दिला. १४ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर या काळात ५६७ फेऱ्यांतून २२ हजारांहून अधिक टन सामग्री लाजेशमार्गे लोद विमानतळावर पोहोचली, आणि तीही जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राच्या मधोमध, कोणत्याही देशाची हवाई हद्द न ओलांडता. याची शिक्षा म्हणून अरब राष्ट्रांनी अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्याबरोबर पोर्तुगालचेही तेल तोडले, आणि बदल्यात मागितलेली शस्त्रे काही हाती आली नाहीत. अमेरिकी हवाई दलाने मात्र धडा घेतला आणि पुढील काही वर्षांत आपल्या सी-१४१ विमानांची लांबी वाढवून त्यांत उडत्या विमानातून इंधन घेण्याची सोय केली.

फेब्रुवारी १९७४ मध्ये लाजेशच्या कराराची मुदत पुन्हा संपली, आणि नवा करार होण्याआधीच २५ एप्रिल रोजी लिस्बनमधील लष्करी अधिकाऱ्यांच्या उठावाने कायतानु यांची राजवट कोसळली. ज्या वसाहतींसाठी धावपट्टीचे भाडे मागितले जात होते त्या सोडून देण्याचे धोरण नव्या सरकारने स्वीकारले, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी तह करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. लाजेशविषयीची बोलणी मात्र पुढे १९७९ पर्यंत लांबली.